दुखण्याची गोळी आणि पित्ताची बाटली



या पानावर आपण एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याचे खत, हुमणीचा बंदोबस्त अशा गोष्टी वाचता. या अंकी आम्ही उसाविषयी लिहिणार नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात देवळीत, फडताळावर, नाहीतर बंडीच्या खिशात जी गोळ्यांची पाकिटे पडलेली असतात, त्यांच्याविषयी लिहिणार आहोत. विषय लहान वाटेल, पण गेल्या हंगामात या लहान विषयाने आपल्यातले एक माणूस जाता जाता वाचले. त्यांच्या संमतीने त्यांची हकीगत देत आहोत. नाव देत नाही. त्यांना आपण तात्या म्हणू.

तात्यांचे वय बासष्ट. तीन एकर आडसाली ऊस. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवलेली, तेव्हापासून रोज ॲस्पिरिनची एक लहान गोळी चालू. गुडघे दुखायचे म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणायची, सकाळी एक, रात्री एक. गोळीने छातीत जळजळ व्हायला लागली, तेव्हा कुणीतरी सांगितले, "अहो, वरनं पित्ताचं औषध घ्या, म्हणजे बाधत नाही." तात्यांनी गुलाबी औषधाची बाटली आणली. दोन झाकणे प्यायली की जळजळ थांबायची. असे तीन महिने चालले.

जानेवारीत तोड आली. चार दिवस तात्यांना थकवा होता, जिना चढताना धाप लागत होती. संडास डांबरासारखी काळी होत होती. तात्या म्हणाले, काकवी जास्त खाण्यात आली असेल. पाचव्या दिवशी काट्यासमोरच्या रांगेत ट्रॅक्टरवरून उतरताना ते खाली कोसळले. पुतण्याने जीपमध्ये घालून तालुक्याला नेले, तिथून जिल्ह्याला. रक्तातले हिमोग्लोबिन सहाच्या खाली गेलेले होते. पुरुषाचे तेरा तरी असावे लागते. चार बाटल्या रक्त चढवले. दुर्बिणीने तपासले तेव्हा जठरात व्रण निघाला, आणि त्यातून दिवसेंदिवस रक्त झिरपत होते.

डॉक्टरांनी विचारले, काय काय घेत होता? तात्या म्हणाले, "काय नाय हो, नुसती दुखण्याची गोळी. आणि ती बाधू नये म्हणून वरनं पित्ताचं औषध."

हे वाक्य आम्ही मुद्दाम जसेच्या तसे दिले आहे, कारण आपल्यातले निम्मे लोक हेच म्हणतील. दुखण्याची गोळी बाधते हे आपल्याला ठाऊक आहे. पित्ताचे औषध घेतले की ती बाधत नाही, हेही आपण धरून चाललो आहोत. यातले पहिले खरे आहे. दुसरे खरे नाही. म्हणून हा लेख.

गोळी पोटात काय करते?

दुखण्याच्या गोळ्या दोन जातीच्या. एक पॅरासिटामॉल. दुसऱ्या सूज उतरवणाऱ्या: ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्झेन, निमेसुलाइड वगैरे. पोटाला आणि किडनीला घोर लावतात त्या या दुसऱ्या जातीच्या.

या गोळ्या नेमके काय करतात, हे १९७१ साली इंग्लंडच्या जॉन व्हेन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्याबद्दल १९८२ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. दुखऱ्या जागी सूज आणि ठणका तीच आणतात. पण तीच द्रव्ये जठरात दुसरे काम करतात. जठराच्या आतल्या अस्तरावर बुळबुळीत संरक्षक थर राखायचा, अस्तराला रक्त पोचवायचे, जिथे झिजले तिथे भरून काढायचे. गोळी ही द्रव्ये तयार होणेच थांबवते. ठणका थांबतो, आणि जठराची डागडुजीही थांबते.

एका शेजाऱ्याच्या मोटारीचा आवाज नको म्हणून आख्ख्या फीडरची लाइट घालवावी, तसे हे आहे. आवाज बंद होतो, पण सगळ्या शिवाराचे पाणीही बंद होते.

आता यातली मेख लक्षात घ्या. गोळी जठराला टेकते म्हणून इजा होते, हा इजेचा लहान भाग. मोठी इजा गोळी रक्तात गेल्यावर होते. म्हणून कंबरेत सुई घेतली तरी जठर सुटत नाही. "आम्ही गोळी खात नाही, सुई घेतो, ती पोटाला लागत नाही" असे म्हणणारे बरेच आहेत. त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ, जळजळ कमी होते हे बरोबर, आणि ती जेवणानंतरच घ्यावी. पण जेवणाने व्रणाचा धोका टळतो असे नाही.

पित्ताचे औषध काय करते?

हे समजायला आपल्या कारखान्यातच चला. गव्हाणीतून ऊस मिलमध्ये जातो, रस निघतो. ताजा रस आम्लधर्मी असतो, त्याचा सामू साधारण सव्वापाच-साडेपाच. तसाच तापवला तर साखर फुटते. म्हणून त्यात चुन्याचे पाणी सोडून आंबटपणा मारतात. पित्ताचे औषध म्हणजे हेच चुन्याचे पाणी समजा. त्यात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम नाहीतर कॅल्शियमचे क्षार असतात, ते जठरातल्या आम्लाला मारतात. जळजळ मिनिटांत थांबते.

पण किती वेळ? रिकाम्या पोटी घेतले तर अर्धा-पाऊण तास. जेवणानंतर तासाभराने घेतले तर दोन-तीन तास. पुढे जठर नवे आम्ल तयार करतेच. गोळीने मात्र डागडुजी तासन्‌तास थांबवून ठेवलेली असते. आणि चुन्याचे पाणी रसाचा आंबटपणा मारते, गंजलेल्या पाइपाला वेल्डिंग करीत नाही. तसेच पित्ताचे औषध आम्ल मारते, गोळीने थांबवलेली डागडुजी पुन्हा सुरू करीत नाही. म्हशीला आजार आणि पखालीला औषध, अशातली गत.

भोंग्यात बोळा

इथवर वाचून कुणी म्हणेल, बरे, फायदा नसेल, पण तोटा तरी काय? तोटा आहे, आणि तोच तात्यांना भोवला.

बॉयलरचा दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह वाफ सोडतो, शिट्टी वाजते. शिट्टीने कान किटतात म्हणून कुणी तिच्या तोंडात बोळा कोंबत नाही. जळजळ ही पोटाची शिट्टी आहे. पित्ताच्या औषधाने ती बंद होते, दाब आत वाढतच राहतो. जळजळ राहिली असती तर तात्या पहिल्याच महिन्यात डॉक्टरकडे गेले असते. ती थांबली म्हणून त्यांनी तीन महिने गोळी चालू ठेवली.

१९९६ साली अमेरिकेत संधिवाताच्या सुमारे १,९०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळ्यांमुळे ज्यांना पोटाचा गंभीर त्रास झाला, त्यांतल्या दर पाचांपैकी चौघांना आधी कसलाही त्रास जाणवलेला नव्हता. आणि त्रास नसताना, खबरदारी म्हणून पित्ताची औषधे घेणाऱ्यांत गंभीर त्रासाचे प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा कमी नव्हे, जास्त आढळले. तेव्हा "मला काही होत नाही" ही खात्री नव्हे.

व्रणाचे दुसरे कारणही सांगून ठेवतो. १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या डॉक्टरांनी जठरात राहणारा एक जंतू शोधला. पुष्कळसे व्रण त्याच्यामुळे होतात. त्या शोधाला २००५ साली नोबेल मिळाले. तो जंतू पोटात असताना दुखण्याची गोळी चालू ठेवली तर धोका आणखी वाढतो. म्हणून ज्यांना वरचेवर पित्ताचा त्रास आहे, त्यांनी बाटल्यांमागून बाटल्या संपवण्यापेक्षा एकदा तपासणी करून घ्यावी. जंतू निघाला तर ठरावीक दिवसांच्या औषधाने तो मारता येतो.

मग दुखल्यावर घ्यायचे काय?

अंग दुखणे हे आपल्या धंद्यात चुकत नाही. पाचट ओढून, पाणी देऊन, मोळ्या वाहून कंबर दुखणारच. दुखणे अंगावर काढा असे आम्ही सांगत नाही.

पहिली गोळी पॅरासिटामॉलची. ती जठराच्या अस्तराला तशी इजा करीत नाही. तिच्यासोबत पित्ताचे औषध घेण्याची गरज पडत नाही, आणि दुसऱ्या कारणाने घेतलेच तर त्या दोघांचे भांडणही नाही. धडधाकट प्रौढ माणसाने ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या घ्याव्या, पुढच्या मात्रेपर्यंत चार ते सहा तास जाऊ द्यावे. दिवसाची कमाल हद्द ४ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या. ही हद्द आहे, रतीब नव्हे. ज्यांची अंगलट बारीक, ज्यांना यकृताचा आजार, किंवा जे रोज दारू घेतात, त्यांची हद्द याहून पुष्कळ खाली. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, कारण पॅरासिटामॉल जास्त झाले तर यकृत निकामी होते.

इथे एक चूक हमखास होते. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असते, कंबरेच्या जोडगोळीत असते, तापाच्या गोळीत तर असतेच. नावे तीन, औषध एक. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात मूळ औषधाचे नाव छापलेले असते. खताच्या पोत्यावरचे नत्र-स्फुरद-पालाश आपण वाचतो, तसे हे वाचावे. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्यावे.

गुडघा, मनगट, बोटे अशा एका ठिकाणचे दुखणे असेल तर डायक्लोफेनॅकचे मलम चोळावे. मलमाचे औषध रक्तात फार थोडे जाते, पोटाला त्रास कमी. तात्यांना आज तेच दिलेले आहे.

सूज उतरवणारी गोळी घ्यावीच लागली, तर हे नियम पाळा. एका वेळी एकच जात घ्यावी, आयबुप्रोफेनवर डायक्लोफेनॅक चढवू नये. कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस. आयबुप्रोफेन डॉक्टरांना न विचारता दिवसाला १,२०० मिलिग्रॅमच्या वर नको. जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. तीन दिवसांत उतार पडला नाही तर गोळी बदलू नये, डॉक्टर गाठावा.

आणि डायक्लोफेनॅक हे किराणा दुकानातून आणायचे औषधच नव्हे. औषध नियमांनी लहान खेड्यांत दुकानदाराला परवान्याशिवाय विकायला मुभा दिली आहे ती ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल, पित्तशामक अशा घरगुती औषधांना. डायक्लोफेनॅकला चिठ्ठी लागते. त्याच्या पाकिटावर आरएक्सची खूण असते, तिचा अर्थ तोच.

दोन्ही घ्यायचीच असतील तर

दुखण्याची गोळी आणि पित्ताचे औषध दोन्ही घेतली म्हणून लगेच विष होत नाही. पण एका घोटात दोन्ही घेऊ नयेत. डायक्लोफेनॅकच्या बऱ्याच गोळ्यांवर एक खास वेष्टन असते. ते जठराच्या आम्लात विरघळत नाही, पुढे आतड्यात गेल्यावर विरघळते. पित्ताच्या औषधाने आम्ल मारले की वेष्टन फसते, जठरातच विरघळते, आणि औषध जिथे पडू नये तिथेच पडते. म्हणून दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे. अशी गोळी फोडून, चावून किंवा कुटून घेऊ नये, तेही याच कारणाने.

ज्यांना संधिवातासारख्या आजारासाठी या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्याच लागतात, त्यांच्या पोटाला खरे संरक्षण देणारे औषध वेगळे आहे. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्या तयार झालेले आम्ल मारत बसत नाहीत, आम्ल तयार होणेच कमी करतात. व्रणाचा धोका त्यांनी खरोखर कमी होतो. ही गोळी सकाळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. मात्र कुणाला, किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचे. शेजाऱ्याला दिली म्हणून आपण वर्षानुवर्षे घेऊ नये. आणि ती जठराला सांभाळते, किडनीला नाही.

फसफसणाऱ्या पुड्यांबद्दलही सांगतो. त्यांत मुख्यतः खाण्याचा सोडा असतो. सोड्याच्या एका सपाट चहाच्या चमच्यात सुमारे सव्वा ग्रॅम सोडियम असते, म्हणजे तीन ग्रॅमहून जास्त मिठाइतके. दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेवणात मीठ कमी केलेल्या बीपीवाल्याने दोनदा सोडा प्यायला की सगळे पथ्य पाण्यात गेले. परदेशात काही फसफसणाऱ्या पित्तशामकांत ॲस्पिरिनच मिसळलेले असते. त्यांनी रक्तस्राव होतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २०१६ साली पुन्हा दिला. मुलाने-पाहुण्याने बाहेरून आणलेले पाकीट असेल तर मागची अक्षरे वाचूनच घ्या.

किडनीचा आजार असणाऱ्यांनी मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमची पित्तशामके डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. ते क्षार त्यांच्या अंगातून नीट बाहेर पडत नाहीत.

आणखी एक. पित्ताचे औषध काही गोळ्यांना पोटात बांधून ठेवते, रक्तात जाऊ देत नाही. पुराच्या पाण्यात उतरलेल्यांना लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन देतात. त्याच वेळी पित्ताचे औषध घेतले तर ती गोळी वाया जाते. दोन-तीन तासांचे अंतर हवे. सिप्रोफ्लॉक्सासिन असेल तर ते पित्ताच्या औषधाच्या दोन तास आधी, नाहीतर सहा तासांनी. बायाबापड्यांना रक्तवाढीसाठी दिलेल्या लोहाच्या गोळीला दोन तासांचे, थायरॉइडच्या गोळीला चार तासांचे अंतर ठेवावे.

यांनी सूज उतरवणारी गोळी मनाने घेऊ नये

ज्यांना पूर्वी व्रण झालेला आहे. साठीच्या पुढचे. किडनीचे, हृदयाचे रुग्ण. रक्त पातळ करणारी किंवा स्टेरॉइडची गोळी चालू असलेले. संधिवातावर कुणी बिननावाची पुडी देत असेल तर तिच्यात स्टेरॉइड असू शकते, हेही ध्यानात ठेवा. गरोदर स्त्रिया, त्यातही पाचव्या महिन्यानंतर तर मुळीच नाही. लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, आणि बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यावर २०११ सालापासून बंदी आहे. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असली तर फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढतो.

तात्यांसारखे हृदयासाठी ॲस्पिरिन घेणारे असतील, त्यांच्यावर दुहेरी ओझे पडते. ॲस्पिरिन आणि डायक्लोफेनॅक मिळून जठर पोखरतात. आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनचा हृदयाला होणारा फायदाही अडवू शकते. पण म्हणून हा लेख वाचून हृदयाची ॲस्पिरिन बंद करू नका. बंद करायची ती गुडघ्याची गोळी, आणि तीही डॉक्टरांना विचारून बदलायची.

फडातल्या माणसांसाठी

आता जे सांगायचे ते आपल्या स्वतःपुरते नाही. आपल्या उसाला तोड येते तेव्हा टोळी पहाटे फडात उतरते. घोटभर चहा, चिमूटभर मिश्री नाहीतर तंबाखू, आणि रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी. त्यावर आठ-दहा तास उन्हात वाकून काम. लघवीला आडोसा नाही म्हणून बाया पाणीच कमी पितात. अंगातले पाणी आटले की किडनीचा रक्तपुरवठा कसाबसा टिकवून धरणारी द्रव्ये तीच, प्रोस्टाग्लँडिन. आणि गोळी नेमकी तीच बंद करते. सोबत बीपीची काही गोळी आणि लघवी होण्याची गोळी चालू असेल तर किडनी एकदम बसू शकते.

मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर, निकाराग्वा या देशांत ऊसतोडणी करणारी तरणीताठी माणसे किडनीच्या आजाराने गेली. ना मधुमेह, ना बीपी. २००२ साली एल साल्वाडोरच्या डॉक्टरांनी हा आजार जगापुढे मांडला. कडक ऊन, अतिश्रम आणि पाण्याची तूट यांच्यावर मुख्य संशय आहे, आणि भर घालणाऱ्या गोष्टींत दुखण्याच्या गोळ्यांचेही नाव घेतले जाते. तिथे आता फडातच पाणी, सावली आणि ठरावीक विश्रांती देण्याचा उपक्रम चालतो.

डायक्लोफेनॅक किडनीला काय करू शकते याची साक्ष आपल्या शिवाराने पाहिली आहे. एके काळी मेलेल्या जनावरावर गिधाडांचे थवे उतरत. आज ती दिसत नाहीत. डायक्लोफेनॅक टोचलेल्या जनावरांचे मांस खाऊन त्यांची किडनी निकामी झाली, हे २००४ साली सिद्ध झाले, आणि २००६ साली आपल्या देशात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. गिधाडाचे शरीर या औषधाला फारच हळवे, माणसाचे तितके नाही. पण औषध तेच आहे.

तेव्हा सभासदांना विनंती, आपल्या फडाच्या बांधावर पाण्याचा एक बॅरल भरून ठेवा, बायांसाठी आडोसा करा, आणि टोळीच्या मुकादमाला सांगा, रिकाम्या पोटी गोळी नको, उन्हात तर नकोच. आपला ऊस जी माणसे तोडतात त्यांचे एवढे देणे आपण लागतो.

ही शिट्टी वाजली तर थांबू नका

डांबरासारखी काळी, चिकट संडास. लोहाच्या गोळीनेही रंग काळपट होतो, पण चिकट, उग्र वासाची असेल आणि सोबत थकवा, चक्कर, धाप असेल तर ते पोटातले रक्त समजा. कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा रक्ताची उलटी. पोटात अचानक सुरी खुपसल्यासारखी कळ. विनाकारण वजन घटणे, घास अडकणे. यांतले पहिले तीन असतील तर त्याच दिवशी नव्हे, त्याच तासाला दवाखाना.

आणि छातीत जळजळ, दाब, सोबत दरदरून घाम, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, याला पित्त म्हणू नका. "पित्त उसळलंय, सोडा पाजा" म्हणता म्हणता हृदयविकाराचे मोलाचे तास निघून गेलेली माणसे प्रत्येक गावाने पाहिली आहेत. १०८ ला फोन करा.

तात्या अकरा दिवसांनी घरी आले. दुर्बिणीने व्रण बंद केला, जंतूची तपासणी झाली, ओमेप्राझोल चालू आहे. गुडघा अजून दुखतो. मलम लावतात, जिना कमी चढतात, वजन चार किलो उतरवले आहे. गुलाबी बाटली फडताळावरून काढून टाकली का, असे आम्ही विचारले. म्हणाले, "ठेवलीय की. पाहुण्याला दाखवायला. म्हणतो, बाबा, हिनं माझी जळजळ घालवली, अन् जळतंय ते कळूच दिलं नाही."

आज घरी गेल्यावर आपल्या घरातली गोळ्यांची पाकिटे एका सुपात ओता. मागची नावे वाचा, सारखी नावे वेगळी काढा, मुदत संपलेली टाकून द्या. रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी करून खिशात ठेवा आणि डॉक्टरकडे जाताना तीच दाखवा. एवढ्याला अर्धा तास लागेल. उसाच्या एका पाळीच्या पाण्यापेक्षा हा अर्धा तास स्वस्त आहे.

— संपादक मंडळ